लाल स्टील कंड्युट १४ महिने वापरून झाला: पाइप मस्त, फिटिंग बघूनच घ्या

आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई आहे तो इथूनच परत जाऊ शकेल. पाइपाला पाचपैकी चार स्टार, त्याच्यासोबत जे कपलर (दोन पाइप जोडणारे), बॉक्स, सॅडल (पाइप भिंतीला धरणाऱ्या पट्ट्या) आले त्यांना दोन, आणि विकणाऱ्याच्या सर्व्हिसला अडीच. हा रिव्ह्यू फायर अलार्मच्या उघड्या वायरिंगसाठी जो लाल पावडर कोटिंगचा स्टील कंड्युट, म्हणजे केबल आत घालायचा पाइप, मिळतो त्याचा आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे त्रास झाले ते या एकाच ब्रँडचे नाहीत असं आता माझं मत झालंय, या प्रकारच्या मालाचेच आहेत.

मी एका कमर्शियल बिल्डिंगचं मेंटेनन्स बघतो. खाली बेसमेंट पार्किंग, त्याच्यावर माल उतरवायची जागा आणि गोदाम, मग दुकानं, वर ऑफिसं. वरच्या मजल्यांवर फॉल्स सीलिंग आहे त्यामुळे अलार्मची केबल कुणाच्या नजरेला पडत नाही आणि हाताला लागत नाही. खरी गंमत खाली. तिथे सीलिंग नाही, उघडा स्लॅब, उघडे खांब, आणि मूळ कॉन्ट्रॅक्टरने केबल नुसती सॅडल मारून खांबावरून खाली आणलेली, मॅन्युअल कॉल पॉइंटपर्यंत (आग दिसली की हाताने दाबायचं बटण), काही नाही तिच्यावर, ना पाइप ना पट्टी. दोनतीन ठिकाणी तर सॅडल मारायचाही कंटाळा केला आणि सरळ स्प्रिंकलरच्या पाइपाला केबल टायने बांधून मोकळा झाला. स्प्रिंकलरचा पाइप हा त्याचं स्वतःचं आणि आतल्या पाण्याचं वजन पेलायला असतो, दुसऱ्याची केबल लटकवायला नाही, स्प्रिंकलरच्या स्टँडर्डमध्येच हे स्पष्ट लिहिलेलं आहे पण लक्षात कोण घेतो.

आता हे बदलायची वेळ का आली ते सांगतो. फायर अलार्मच्या पॅनेलवर बेसमेंटच्या हूटर (भोंगा) सर्किटचा ट्रबल यायचा, 'ओपन सर्किट', चारपाच सेकंद राहायचा आणि आपोआप जायचा. आम्ही जाईपर्यंत सगळं नॉर्मल. सर्व्हिसवाला पोरगा दोनदा येऊन गेला, टर्मिनल घट्ट केले, "साहेब आता नाही येणार" म्हणाला, दुसऱ्या दिवशी परत. तीन आठवडे हाच खेळ. शेवटी मी इव्हेंट लॉग काढला तर सगळे ट्रबल सकाळी ११ ते १ च्या मधले. त्या वेळी काय होतं? माल उतरतो. मग एक दिवस जाऊन खांबापाशी नुसता उभा राहिलो. हातगाडीवाला पॅलेट घेऊन वळताना त्याचा कोपरा खांबाला घासून जायचा, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर, आणि तिथेच आमची केबल. वरचं लाल आवरण साधारण दोन इंच फाटलेलं, आतली एक तार तुटून दोन टोकं एकमेकांना टेकून बसलेली. तांबं बाहेर पडून काळपट झालेलं. गाडी घासली की टोकं सुटायची, गाडी गेली की परत टेकायची. बास, तीन आठवड्यांचं गूढ हे.

लोक म्हणतील तुटली तर पॅनेल सांगतंच की, मग एवढं काय? सांगतं, बरोबर आहे, लाइनच्या शेवटी जो रेझिस्टर लावलेला असतो त्यातून थोडासा करंट कायम वाहत असतो, तो थांबला की पॅनेलला कळतं. पण कळणं वेगळं आणि वाजणं वेगळं. साध्या क्लास बी वायरिंगमध्ये जिथे तार तुटली त्याच्या पुढचे सगळे हूटर मुके. क्लास ए असेल तर तार फिरून परत पॅनेलला येते, एका ठिकाणी तुटली तरी दुसऱ्या बाजूने सप्लाय मिळतो, पण आमच्या बेसमेंटला क्लास बी आहे आणि बऱ्याच बिल्डिंगांमध्ये तेच असतं. म्हणजे त्या एका हातगाडीच्या कोपऱ्यामुळे पार्किंगचा अर्धा भाग मध्ये मध्ये अलार्मशिवाय होता. आणि हो, कुणी मधूनच टी मारून एखादा जादा हूटर जोडला असेल तर त्या फाट्यावर पॅनेलचं लक्षच नसतं, तो तुटला तर ट्रबलसुद्धा येणार नाही. आमच्याकडे असे दोन फाटे सापडले, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, आत्ता डोकं नको.

मग नियम काय म्हणतात ते वाचत बसलो. अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये फायर अलार्मला ७६० नंबरचं स्वतंत्र आर्टिकल आहे, त्यात पॉवर लिमिटेड (मर्यादित वीज वाहणारी) केबल उघडी टाकली असेल तर जमिनीपासून ७ फुटांच्या आत ती दर १८ इंचांवर पक्की धरलेली पाहिजे, आणि भिंतीतून किंवा स्लॅबमधून आरपार येत असेल तर ७ फुटांपर्यंत धातूचा पाइप किंवा कडक प्लास्टिकचा कंड्युट, नाहीतर बिल्डिंगच्या बांधकामाचंच तेवढं संरक्षण. ब्रिटिश फायर अलार्म स्टँडर्ड बीएस ५८३९ मध्येही स्टीलच्या तारांनी आर्मर्ड किंवा मिनरल इन्सुलेटेड सोडून बाकीच्या केबलला, अगदी निवांत जागा सोडल्या तर, खालच्या २ मीटरमध्ये ठोक्यापासून संरक्षण द्या असंच आहे. दोन वेगळे देश, आकडा जवळपास तोच. कारण उघड आहे, माणसाचा हात, ट्रॉली, शिडी, झाडूचा दांडा हे सगळं त्या उंचीतच फिरतं. मला त्या अमेरिकन आर्टिकलमधली अजून एक गोष्ट आवडली, ती म्हणजे शक्य तिथे बिल्डिंगचाच आडोसा घ्या, दाराची चौकट, कोपरा, कट्टा. फुकटचं संरक्षण. आम्ही सहा ठिकाणी नुसती केबल खांबाच्या रहदारीच्या बाजूवरून भिंतीकडच्या बाजूला घेतली आणि तिथला अर्धा प्रश्न पाइप घ्यायच्या आधीच संपला. हे आधी करा, पाइप नंतर मोजा.

उरलेल्या जागेसाठी चार गोष्टी बघितल्या. पीव्हीसी पट्टी, म्हणजे केसिंग कॅपिंग, हिच्याबद्दल जास्त बोलत नाही, ऑफिसात नेटवर्कची वायर लपवायला ठीक आहे, माल उतरवायच्या जागेत एका ठोक्यात वरची पट्टी निघून खाली पडते, आणि आगीत काय होतं ते पुढे सांगतोच. दुसरं, स्टीलची दोन भागांची सरफेस पट्टी, खाली बेस आणि वर दाबून बसणारं झाकण, दिसायला एकदम छान, लिफ्टच्या लॉबीत आम्ही तीच लावली आणि तिथे काही तक्रार नाही, पण जिथे धक्के बसतात तिथे झाकण उचकटतं. तिसरी, आर्मर्ड फ्लेक्सिबल केबल, जिच्या बाहेर लोखंडी गुंडाळी असते, हिच्यावर नंतर येतो. चौथा हा लाल कंड्युट.

एकूण साधारण ४०० मीटर घेतला, ३ मीटरच्या लांब्या, बहुतेक २५ मिमीचा आणि थोडा २० मिमीचा. आल्या आल्या व्हर्नियर लावून बघितला, भिंतीची जाडी १.६ मिमी भरली, जे सांगितलं होतं तेच. १३० च्या वर लांब्यांमध्ये चारच वाकड्या निघाल्या. पावडर कोटिंग चांगलं आहे, नखाने निघत नाही, सॅडलखाली निघत नाही, बेंडरवर वाकवताना बाहेरच्या बाजूला थोडं चुरगळतं पण तडकत नाही. १४ महिन्यांत हातगाड्यांनी जे ठोके दिलेत ते मोजायला नकोत, एका ठिकाणी तर फोर्कलिफ्टचा मागचा भाग लागला, पाइप आत दबला साधारण तीनचार मिलिमीटर, आतली केबल शाबूत. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघितली, फरक नाही. ह्या एका गोष्टीसाठी चार स्टार.

पाचवा का नाही? आतली शिवण. हा पाइप पत्रा वळवून वेल्ड केलेला असतो, बाहेरून ती रेघ घासून साफ केलेली असते, आतून नाही. पहिल्या लॉटमध्ये काही लांब्यांत आत बोटाला लागेल इतका वेल्डचा मणी होता. केबल ओढताना तिचं आवरण त्याच्यावर खरवडलं जातं आणि तुम्हाला बाहेरून काही दिसत नाही. आमच्या इलेक्ट्रिशियन काकांनी एक साधी युक्ती सांगितली, तारेला सुती चिंधी बांधा आणि केबल ओढायच्या आधी प्रत्येक पाइपातून एकदा ती चिंधी ओढून काढा. अडकली, दोरे निघाले, की तो पाइप बाजूला. आम्ही ११ लांब्या अशा बाजूला काढल्या. तीच चिंधी कापलेल्या टोकांसाठी पण वापरा, हॅक्सॉने कापलं की आतल्या कडेला जो धारदार बर राहतो तो कानसने किंवा रीमरने घालवायचा असतो आणि पोरं घाईत बाहेरूनच कानस मारतात, आतून नाही. बाहेरचा बर हाताला लागतो म्हणून काढतात, आतला केबलला लागतो, ती ओरडत नाही.

साइजबद्दल. दुकानदार नेहमी सांगतो २० मिमी पुरतो. पुरतो, पण किती केबलला? हिशोब करा ना. बाहेरून २० मिमी, भिंत १.६, म्हणजे आतला व्यास १६.८ मिमी, क्षेत्रफळ अंदाजे २२२ चौरस मिमी. आमची दोन कोअर १.५ स्क्वेअर एमएम केबल बाहेरून ७.५ मिमी, म्हणजे एक केबल ४४ चौरस मिमी. दोन टाकल्या की ८८, म्हणजे ४० टक्के भरला. ४० टक्क्यांच्या वर भरू नका हा जुना ठोकताळा आहे आणि तो उगाच नाही, दोन बेंड असतील तर तिसरी केबल ओढताना हात दुखतात आणि आवरण सोलतं. म्हणून दोनपेक्षा जास्त केबल असतील तर २५ घ्या. आणि दोन पुल बॉक्सच्या (केबल ओढायला मध्ये ठेवलेल्या बॉक्सच्या) मध्ये सगळे बेंड मिळून ३६० अंशांच्या वर नको, म्हणजे काटकोनातले चार. आमच्या पोराने एका बीमभोवती पाच घेतले, "दादा बसतंय की" म्हणाला, मग केबल अडकल्यावर सगळं उघडावं लागलं. अर्धा दिवस गेला.

आता फिटिंग. इथे माझं डोकं फिरलं.

कपलर झिंक डायकास्टचे, बाजूने एक स्क्रू. स्क्रू जरा जोरात आवळला की आटा जातो, जरा हळू आवळला की पाइप हलतो. मधलं काही नाही. ६० कपलरपैकी नऊ पहिल्या दिवशी गेले. बॉक्स पत्र्याचे, झाकणाला चार भोकं आणि पाकिटात स्क्रू दोन. पाइप आत येतो त्या भोकाला बुश (केबल कडेवर घासू नये म्हणून बसवायची गुळगुळीत रिंग) नाही. मी विचारलं तर उत्तर आलं "साहेब बॉक्स असाच येतो, बुश वेगळा घ्यायचा". घ्यायचा ना, पण आधी सांगा, कॅटलॉगच्या फोटोत तर बुश दिसतोय. कपलर त्यांनी फोटो पाठवल्यावर बदलून दिले, तक्रार नाही, आठ दिवस लागले एवढंच. बॉक्सवर मात्र हात वर केले.

तो बुश नसण्याचा परिणाम दोन महिन्यांनी दिसला. पॅनेलवर अर्थ फॉल्ट, म्हणजे तार कुठेतरी अर्थ केलेल्या धातूला टेकलेली. पाइप लावून झालाय, रंग झालाय, मॅनेजमेंटला फोटो पाठवून झालेत, आणि अर्थ फॉल्ट. मला वाटलं नवीन पाइपात असं होऊच शकत नाही, आधी पॅनेलवरच शंका घेतली. मग शोधायचं कसं तर नेहमीप्रमाणे, लाइन मधोमध सोडायची, फॉल्ट कुठल्या अर्ध्यात आहे बघायचं, त्या अर्ध्याचा परत अर्धा. हूटर, डिटेक्टर आणि पॅनेल सगळे केबलवरून सोडवल्याशिवाय मेगर लावू नका बरं का, ५०० व्होल्ट त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेले की फॉल्ट शोधायचा राहील आणि नवीन खरेदीच करावी लागेल. चौथ्या वेळी अर्धं केल्यावर एकच बॉक्स उरला, पार्किंगच्या रॅम्पजवळचा. उघडला. पाइपाचं टोक बॉक्समध्ये दोन मिलिमीटर आत आलेलं, नीट कानस न मारलेलं, आणि केबल बरोबर त्या कडेवर वाकून बसलेली. टॉर्च मारला तर आवरण कापलेलं, इन्सुलेशन कापलेलं, आणि आत तांब्याचा एक ठिपका चमकतोय, मोहरीच्या दाण्याएवढासुद्धा नसेल. रॅम्पवरून गाड्या जातात, खांब थोडा थोडा थरथरतो, कड करवतीसारखं काम करते. दोन महिने लागले तिला.

म्हणजे बघा, उघडी केबल हातगाडीने कापली होती, आणि झाकलेली केबल झाकणानेच कापली. फरक इतकाच की उघडी असती तर नुसतं बघूनही दिसलं असतं.

त्यानंतर सगळे बॉक्स उघडून प्रत्येक एन्ट्रीला पितळी बुश आणि त्यावर नायलॉनची टोपी लावून घेतली. ९२ एन्ट्री. चार दिवस. त्यामुळे माझा सल्ला असा की ह्या पाइपाची ऑर्डर देताना पाइपाचा भाव करू नका, पाइप सगळ्यांचा जवळजवळ सारखाच असतो, एक कपलर, एक बॉक्स आणि एक बुश सँपल म्हणून मागवा, कपलरचा स्क्रू पाच वेळा आवळा आणि सोडा, बॉक्सच्या भोकातून बोट फिरवा. बोट कापलं तर माल परत.

आता एक गैरसमज, जो मलाही होता. स्टीलच्या पाइपात टाकली म्हणजे केबल आगीत टिकेल. नाही टिकणार. स्टील जळत नाही पण उष्णता आत पोचवतं, साधी पीव्हीसी इन्सुलेशनची वायर पाइपात असली तरी आग खाली लागली तर आतल्या आत मऊ होऊन दोन तारा चिकटतात आणि शॉर्ट. हा पाइप ठोक्यापासून, उंदरापासून, रंगाऱ्यापासून वाचवतो, आगीपासून नाही. आगीत चालू राहायला हवी तर केबलच तशी पाहिजे, मायका टेपवाली फायर रेझिस्टंट किंवा तांब्याच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइड भरलेली मिनरल इन्सुलेटेड. ब्रिटिश पद्धतीत केबलवर पीएच ३० किंवा पीएच १२० असं लिहिलेलं असतं, म्हणजे टेस्टमध्ये ज्वाळा आणि ठोके सोसत ३० किंवा १२० मिनिटं सर्किट चालू राहिलं. अमेरिकेच्या फायर अलार्म स्टँडर्डमध्ये, एनएफपीए ७२ मध्ये, हेच पाथवे सर्व्हायव्हेबिलिटीच्या (आगीत वायरिंग किती टिकावं याच्या) लेव्हलमध्ये मोडतं, लेव्हल १ ला पूर्ण स्प्रिंकलर असलेली बिल्डिंग आणि धातूचा पाइप चालतो, लेव्हल २ ला मात्र दोन तासांचं फायर रेटिंग लागतं. म्हणून ज्याने मला "पाइप टाकला की साधी केबल चालेल" सांगितलं त्याने अर्धंच सांगितलं. तुमच्या बिल्डिंगला कुठली लेव्हल लागू आहे ते आधी डिझाइन करणाऱ्याकडून लेखी घ्या.

आणि हे फक्त अलार्म वाजण्यापुरतं नाहीये. इंग्लंडमध्ये २००५ साली स्टीव्हनेजच्या हॅरो कोर्टमध्ये आणि २०१० साली साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्समध्ये आग लागली, दोन्ही ठिकाणी दोन दोन फायरमनचा जीव गेला, आणि दोन्हीकडे खाली लोंबणाऱ्या केबलमध्ये अडकणं हा प्रकार समोर आला. प्लास्टिकची पट्टी आणि प्लास्टिकच्या क्लिपा उष्णतेने सुटतात, केबलचा गुंता छातीच्या उंचीवर येतो, धुरात दिसत काही नाही, पाठीवर सिलिंडर. त्यानंतर तिथल्या वायरिंगच्या नियमांत २०१५ मध्ये बाहेर पडायच्या मार्गांसाठी आणि २०१८ च्या आवृत्तीत सगळीकडेच, केबल आगीत अवेळी खाली कोसळणार नाही असे सपोर्ट सक्तीचे केले. हे वाचल्यावर मी आमच्या जिन्यातले सगळे प्लास्टिकचे टाय काढून स्टीलचे सॅडल मारले. या कंड्युटसोबत येणारे सॅडल स्टीलचेच आहेत, चांगले आहेत, पण पाकिटातली गिट्टी (भोकात बसून स्क्रू धरणारी) प्लास्टिकची. डोक्यावरच्या कामाला ती वापरू नका, धातूचा अँकर घ्या, नाहीतर सॅडल तसाच राहील आणि गिट्टी वितळून सगळा पाइप खाली.

रंगाबद्दल एक मजा. लाल रंग घेतला की सगळ्यांना कळेल हा अलार्मचा पाइप आहे, असं मला वाटलं होतं. पण स्प्रिंकलरचा पाइपही लालच! महिनाभराने बघतो तर गोदामातल्या पोरांनी पिशव्या आणि जॅकेट त्याला लटकवलेली. विचारलं तर म्हणे "साहेब पाण्याचा पाइप आहे ना, मजबूत असतो". त्यानंतर दर तीन मीटरवर 'फायर अलार्म' स्टिकर आणि प्रत्येक बॉक्सच्या झाकणावर सर्किट नंबर. नंबर लिहिण्याचा दुसरा फायदा म्हणजे रात्री फॉल्ट आला तर नवीन माणूसही फोनवरून सांगितलं की बरोबर बॉक्स उघडतो. रंगाऱ्यांना मात्र आधी बजावून ठेवा, आमच्याकडे एकाने पाइप, स्टिकर, झाकण सगळं एकाच हातात पांढरं केलं आणि डिटेक्टरलाही दोन फटके मारले. डिटेक्टरला रंग लागला की तो बदलायचाच, पुसून वापरायचा नसतो.

फ्लेक्सिबल आर्मर्ड केबल म्हणालो होतो. कामाला एकदम पटकन, ना बेंडर लागतो ना कपलर, सरळ गुंडाळी उलगडायची आणि सॅडल मारत जायचं. जिथे ठोका बसणार नाही अशा उंचीवर, स्लॅबखालून, बीमच्या कडेने, मी पुढच्या वेळी हीच वापरणार. बिल्डिंगच्या एक्स्पान्शन जॉइंटवर तर कडक पाइप चालतच नाही, दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात, तिथे मध्ये हीच पाहिजे. पण कापायला तिचा फिरता कटर घ्या, करवतीने कापली की आतल्या तारा जखमी होतात, आणि टोकाला ती छोटी प्लास्टिकची टोपी सरकवायला विसरू नका, नाहीतर माझ्या रॅम्पवाल्या बॉक्ससारखंच होणार. आणि खालच्या दोन मीटरमध्ये तिला टाकू नका, फोर्कलिफ्टपुढे ती नळी चेपते.

पाण्याचं पण बघा. बेसमेंटच्या रॅम्पवर पाऊस आत येतो, आणि जिथे पाइप थंड खोलीतून गरम जागेत जातो तिथे आतमध्ये दव धरतं. ते उतारावरून सगळ्यात खालच्या बॉक्समध्ये जमतं, म्हणजे बरोबर कॉल पॉइंटच्या मागे. आम्हाला एका बॉक्समध्ये अर्धा इंच पाणी मिळालं. तिथे खाली निचऱ्याचं भोक असलेला बॉक्स टाकला आणि थंड बाजूच्या टोकाला सील केलं. स्लॅबमधून पाइप आरपार जातो ती फट पण नुसत्या सिमेंटच्या लपेटीने किंवा फोमच्या स्प्रेने बंद करू नका, उष्णतेने फुगणारं फायर सीलंट मिळतं तेच भरा, धूर त्या फटीतून वरच्या मजल्यावर जातो. आणि स्वस्तात होतंय म्हणून याच पाइपात लाइटची वायर घालू द्यायची नाही, कितीही ओळखीचा माणूस सांगू दे. पाइपाबाहेर उघडी असेल तरी अलार्मची केबल पॉवरच्या तारेपासून किमान ५० मिमी लांब.

एक तपासणी सगळ्यांनी करा, दहा मिनिटांची आहे. काम झाल्यावर पॅनेलकडची दोन्ही टोकं सोडवा, हूटरही सोडवलेले असू देत, लांबच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकांना जोडा आणि मल्टीमीटरने रजिस्टन्स मोजा. १.५ स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेला किलोमीटरला साधारण १२ ओहम असतात, १०० मीटर लांब लाइनमध्ये जाऊन येऊन २०० मीटर तार, म्हणजे जवळपास २.४ ओहम यायला हवेत. आमच्या एका लाइनला ९ आले. एका बॉक्समध्ये तार नुसती पिळून वर चिकटपट्टी लावलेली, कनेक्टर नाही. तो आकडा तारखेसकट बॉक्सच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वर्षी मोजल्यावर वाढला असेल तर ट्रबल यायच्या आधीच कळेल. आम्ही परवा वर्षाची फेरी केली, सगळ्या लाइन पहिल्या आकड्याच्या ०.२ च्या आत आहेत, एक सोडून. ती गोदामाच्या शटरजवळची, २.६ वरून ४.१ वर गेलीय. त्या बॉक्सला झाकणाचे दोनच स्क्रू आहेत, उरलेले दोन अजून आलेले नाहीत, शिडी घेऊन उद्या वर चढतोच.